गावातले रान



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी निमंत्रण देताना मला एक अट घातली. विषय झाडांचा असला तरी चालेल, परंतु ‘झाडे लावा, झाडे जगवा’ एवढेच सांगावयाचे असेल तर येऊ नका. ते ट्रकच्या मागे लिहिलेले असते आणि शहादा रस्त्यावर घटकाभर उभे राहिले की फुकट वाचावयास मिळते. अट मला मनापासून मान्य आहे. झाडे लावावीत की नाही, हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. कोणती लावावीत, किती दाट लावावीत, पहिली तीन वर्षे त्यांच्याकडे कोणी पाहावयाचे, आणि ती लावल्याच्या पुण्याईवर आपण दुसरीकडे काय तोडून बसतो, हे प्रश्न मात्र वादाचे आहेत. आज त्यांच्याविषयीच बोलावे असा विचार आहे.

झाडे लावण्याची हौस आपल्या देशात जुनी आहे. १९५० साली केंद्रात मंत्री असलेल्या कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्याच्या तोंडाशी कुदळी निघतात, पाहुणे येतात, छायाचित्र निघते, आणि पुढल्या वर्षी खड्डा तोच व रोप नवे अशी थट्टाही होते. आपल्या राज्यात २०१६ च्या १ जुलैस दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला गेला. पुढच्या वर्षी आकडा चार कोटी झाला, मग तेरा कोटी, आणि २०१९ साली तेहतीस कोटी. २०२१ मध्ये ह्या लागवडीच्या चौकशीसाठी आमदारांची समिती नेमण्याची घोषणा विधानसभेत झाली. त्या राजकारणात मला शिरावयाचे नाही. मला त्यातून दिसते ते इतकेच, की आपण लावलेल्या रोपांचा आकडा फलकावर लिहितो आणि जगलेल्या रोपांचा आकडा विचारणाऱ्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहतो.

गेल्या दहापंधरा वर्षांत एक निराळी रीत आपल्याकडे आली आहे. रस्त्याच्या कडेला ओळीने झाडे लावण्याऐवजी पाच-दहा गुंठ्यांचा एखादा तुकडा घ्यावयाचा, त्या भागातील मूळच्या जातींचीच रोपे आणावयाची, झुडपे, लहान झाडे, मध्यम झाडे आणि मोठे वृक्ष अशी सरमिसळ करून ती अगदी जवळजवळ लावावयाची, दोन-तीन वर्षे पाणी व निंदणी करावयाची, आणि मग हात काढून घ्यावयाचा. बाग आणि रान ह्यांत भेद आहे तो ह्या शेवटच्या पायरीचा. बागेला माळी जन्मभर लागतो. रानाला माळी लागत नाही, आणि तो मधे मधे करू लागला तर ते रान राहत नाही. ह्या रीतीला तिच्या जपानी प्रवर्तकाच्या नावाने मियावाकी पद्धत म्हणतात.

अकिरा मियावाकी ह्यांचा जन्म १९२८ चा. १९५८ च्या सुमारास ते जर्मनीस गेले आणि राइनहोल्ड ट्यूक्सन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. ट्यूक्सन ह्यांनी एक साधा पण खोल प्रश्न विचारावयास शिकविले होते. समोरच्या जमिनीवरून माणूस उद्या उठून गेला, तर तिच्यावर आपोआप कोणते रान उभे राहील? आज तिथे काय उगवले आहे हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, कारण आजचे बहुतेक माणसाने आणलेले असते. मियावाकी जपानात परतले तेव्हा त्यांना हाच अनुभव आला. डोंगरच्या डोंगर इमारती लाकडाच्या एक-दोन जातींनी भरलेले. मूळचे रान शिल्लक होते ते मुख्यतः देवस्थानांच्या भोवती. तिकडे त्याला ‘चिंजू नो मोरी’ म्हणतात, म्हणजे गावाचे रक्षण करणाऱ्या देवाचे रान. त्या देवरानांतून त्यांनी झाडांच्या याद्या केल्या, बी घेतले, रोपे केली. आणि पहिले मोठे काम कोठे मिळाले असेल? १९७० नंतरच्या त्या वर्षांत, ओइता येथील निप्पॉन स्टील कंपनीच्या पोलाद कारखान्याच्या आवारात! धूर आणि राख ह्यांच्या शेजारी. मियावाकी २०२१ च्या जुलैत वारले, तोवर त्यांच्या रीतीची राने देशोदेशी झाली होती.

हे ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शब्द आला असेल: देवराई. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर देवाच्या नावाने राखलेली जी राने आहेत, त्यांचा शास्त्रीय अभ्यास वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या दोघांनी १९७० च्या दशकात केला. भोवतालचे डोंगर उघडे पडले तरी देवराईत जुन्या जाती टिकून होत्या, हे त्यांनी दाखविले. जपानी विद्वानाने जे आपल्या देवळाभोवती पाहिले तेच इथे कुऱ्हाडबंदीच्या धाकाने टिकले होते. सातपुड्यातील आपले भिल्ल आणि पावरा बांधव वाघदेवाची पूजा रानातच करतात. आपल्या तापीकाठच्या सपाटीवर मात्र काळी जमीन इतकी कसदार, की देवालाही रान ठेवणे आपल्याला परवडले नाही. म्हसोबाला एक निंब, मरीमायला एक पिंपळ, एवढ्यावर आपण देवांची बोळवण केली. आखाजीला ज्या निंबाला झोके बांधतात त्याची फांदी दोघी-तिघींचा भार सोसणारी हवी, आणि असा निंब काही पाच वर्षांत होत नाही. माहेरी आलेल्या लेकींना विचारा, झोक्याला जागा कोठे मिळाली म्हणून.

हिंदुस्थानात ही रीत २००९ साली बंगळुराजवळ बिडदी येथील टोयोटा कंपनीच्या आवारात आली. तिथे खुद्द मियावाकी आले होते. त्या कारखान्यात काम करणाऱ्या शुभेंदू शर्मा नावाच्या तरुण अभियंत्याला ह्या कामाचे असे वेड लागले, की त्याने नोकरी सोडून २०११ साली हेच काम करणारी संस्था काढली. मुंबईत महानगरपालिकेने २०२० च्या जानेवारीपासून अशी राने लावावयास घेतली. वडाळ्याच्या भक्ती पार्कमध्ये आरंभ झाला, आणि चांदिवलीच्या एका उद्यानात तर चाळीस हजारांवर रोपे लागली. राज्याच्या सामाजिक वनीकरण विभागाने अटल आनंदवन घनवन नावाची योजनाच ह्या धर्तीवर काढली. नाशिकला सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या पर्यावरण दिनी नागरिकांनी हजारो देशी रोपे लावली. ते काही शब्दशः मियावाकी रान नव्हे, रोपे अंतरावर आहेत, पण जाती देशी आहेत आणि नागरिकांनी तिला ‘नाशिक देवराई’ हे नाव दिले आहे. मला स्वतःला ते नाव जास्त आवडते.

आता ह्या रीतीची जाहिरात कशी होते तेही सांगतो. दहापट वेगाने वाढणारे, तीसपट दाट रान! तीसपट दाट लावल्यावर ते तीसपट दाट होणारच, त्यात नवल कसले? वेगाची गोष्ट मात्र खरी आहे आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपे लावली की प्रत्येकाला बाजूला पसरावयास जागा नसते. उजेड फक्त वर असतो. मग रोपे एकमेकांच्या चढाओढीने सरळ वर जातात. जमिनीवर लवकर सावली होते, तिचा ओलावा टिकतो, पडलेला पाला जागीच कुजतो, त्यात बुरशी आणि गांडुळे वाढतात, आणि तणाला उजेड न मिळाल्याने निंदणी आपोआप थांबते. ह्या चढाओढीत पुष्कळ रोपे मरतात. ती मरावयाचीच असतात. पाच वर्षांनी कोणी मोजदाद करून ‘निम्मी गेली’ म्हणून आरडाओरड केली तर त्याला रान म्हणजे काय हे कळलेले नाही. आणि ज्याने निम्मी जाणार हे ठाऊक असून पहिल्या दिवशीचा आकडाच कायम छापला, त्यालाही ते सांगितले पाहिजे.

मुंबईच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती वगळणे लबाडीचे होईल. वडाळ्यात रान लावावयास आरंभ झाला त्याच्या जेमतेम चार महिने आधी, २०१९ च्या ऑक्टोबरात, आरे वसाहतीत मेट्रोच्या गाड्यांच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाचा थांबा येईपर्यंत काम बहुतेक उरकले होते. मेट्रो हवी की नको, ह्या वादात मी पडत नाही. परंतु एका हाताने जुने रान तोडून दुसऱ्या हाताने नवे लावले म्हणजे हिशेब फिटला, ही समजूत ह्या छोट्या रानांच्या आडून शिरते आहे. कायदाही तिला थोडा हातभार लावतो. शहरांतील झाडांच्या रक्षणाचा आपल्या राज्याचा कायदा १९७५ चा. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडाला ‘वारसा वृक्ष’ हे नाव मिळाले, आणि झाड तोडणाऱ्याने त्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरले. दुरुस्ती चांगल्या बुद्धीने केलेली आहे. पण ऐंशी वर्षांच्या वडाची किंमत ऐंशी रोपे, हे गणित वडाच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याला कोण समजावून सांगणार?

पिंगळ्याचे नाव उगाच घेतले नाही. आपल्या शहाद्याचे नाव जगातल्या पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आहे, हे ह्या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? ते आहे एका घुबडाच्या निमित्ताने. रानपिंगळा नावाचा एक छोटा पिंगळा आहे. घराच्या वळचणीला किचकिच करणारा तो हा नव्हे, हा रानातला, पाठीवर ठिपके कमी, पाय पिसांनी भरलेले. १८८० च्या सुमारास जेम्स डेव्हिडसन नावाचा एक इंग्रज सनदी अधिकारी खान्देशात होता. त्याने आपल्या भागातून ह्या पक्ष्याचे नमुने जमविले. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच दिसेना. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका बड्या इंग्रज पक्षितज्ज्ञाने आपण तो १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळविल्याचे नोंदविले, आणि त्या नोंदीच्या भरवशावर लोक वर्षानुवर्षे भलत्याच जागी त्याला शोधीत राहिले. शेवटी पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन बाईंनी तो नमुना तपासला तेव्हा उघड झाले, की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेला आहे! खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर खऱ्या जागा उरल्या. त्यांच्या मागाने त्या आणि त्यांचे सहकारी हिंदुस्थानात आले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात, एकशेतेरा वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा दिसला तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात. तेव्हा नंदुरबार जिल्हाही झालेला नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नंतर मेळघाटातही हा पक्षी सापडला, पण मान आपला.

ह्या पक्ष्याला लागते ते सागाचे आणि त्याच्या सोबत्यांचे कोरडे, पानगळीचे, मधून मधून मोकळे असलेले रान, आणि त्यात ढोली असलेली जुनी झाडे. पाच गुंठ्यांच्या घनदाट रानात तो कधीही येणार नाही. म्हणून हे आधीच स्पष्ट बोललेले बरे: गावातले रान हा सातपुड्यातल्या रानाचा बदला नव्हे. तिथले एक झाड वाचविण्याची जबाबदारी इथे शंभर लावून टळत नाही. मग गावातले रान कशासाठी? एक तर सावलीसाठी, वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा तिचे मोल कोणालाही सांगावे लागत नाही. पाखरांसाठी, मधमाश्यांसाठी. आणि मला सर्वांत मोठे वाटते ते हे, की आपल्या मुलांना आपल्या मुलखातली झाडे नावाने ओळखता यावीत. ज्याचे नाव माहीत नाही त्याच्या तोडीची बातमी वाचून कोणी हळहळत नाही. आज शाळेतल्या मुलाला झाडांची नावे विचारली तर तो गुलमोहर सांगेल, निलगिरी सांगेल, अशोक सांगेल. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, आणि शाळेपुढचा तो उंच निमुळता अशोक हा मुळी खरा अशोकच नव्हे. रस्त्याकडेची वेडी बाभूळ आणि सुबाभूळ दोन्ही अमेरिकेकडच्या. कोनोकार्पस नावाचे एक झुडूप हल्ली बंगल्यांच्या कुंपणाला दिसते, त्याच्या लागवडीवर शेजारच्या गुजरात सरकारने २०२३ साली बंदी घातली. ह्यावरून कोणी मला परदेशी झाडांचा वैरी ठरवू नये. चिंचही फार पूर्वी आफ्रिकेतून आली आहे, आणि तिला घराबाहेर काढा म्हणणाऱ्याला मी माझ्या घरात घेणार नाही.

तर मग आपल्या मुलखातले रान कोणते? इथे मियावाकींचा प्रश्न आपण आपल्यालाच विचारला पाहिजे, त्यांच्या उत्तराची नक्कल करून चालणार नाही. जपानात पाऊस भरपूर, बारा महिने ओल, तिथले रान सदाहरित आणि घट्ट. आपल्याकडे चार महिने पाऊस, आठ महिने कोरड. आपले रान वैशाखात निष्पर्ण होते, आणि तसे होणे हाच त्याचा शहाणपणा आहे. त्या रानाचा खरा मानकरी अंजन. सह्याद्रीतली अंजनी निराळी, ती जांभळ्या फुलांची. नावावरून फसून तिची रोपे पुण्याहून आणू नयेत. आपला अंजन म्हणजे जोडपानांचा, खडकाळ मुरमात वाढणारा, लोंबत्या फांद्यांचा मोठा वृक्ष. त्याचे लाकूड देशातल्या अतिशय जड आणि कठीण लाकडांत गणले जाते, आणि पाला जनावरे आवडीने खातात. रोप वीतभर असते तेव्हा त्याचे मूळ त्याच्या कित्येक पट खोल गेलेले असते. म्हणून पिशवीत जास्त दिवस ठेवलेला अंजन वाया जातो, मूळ तळाशी वेटोळे घालते आणि झाड जन्माचे अधू होते. अंजनाबरोबर सालई, धावडा, मोह, चारोळी, टेंभुर्णी, खैर, बेल, बहावा, पळस, आपटा, मेडशिंगी, काटेसावर. झुडपांत धायटी, मुरडशेंग, करवंद, निर्गुडी, तरवड. वेलींत गुळवेल, गुंज, शतावरी.

परंतु ही यादीसुद्धा डोळे मिटून वापरावयाची नाही. पुरुषोत्तमनगरच्या आसपासची जमीन काळी आणि खोल आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. अंजनाला व सालईला पाय ओले चालत नाहीत. काळ्या जमिनीत बाभूळ, हिवर, निंब, बोर, शिरीष, पळस, करंज ही मंडळी खुशीने राहतात. नाल्याच्या काठी जांभूळ, अर्जुन, उंबर. अंजनाला जागा द्यावयाची असेल तर इमारतींच्या कडेला मुरमाचा भराव असतो तो त्याला द्यावा. आणि जपानी हिशेबाने चौरस मीटरला चार रोपे कोंबू नयेत. मला विचाराल तर आपल्या हवेत दीड-दोन पुष्कळ झाली, आणि तुकड्याच्या कडेने थोडी जागा पवन्या, मारवेल ह्या गवतांना मोकळी ठेवावी. आपला मुलूख नुसता वृक्षांचा नव्हता, गवताचाही होता. जिथे जुने गवताळ माळ शिल्लक आहेत तिथे तर हे दाट रान लावूच नये, तो त्या माळावर अन्याय होईल. गावातल्या पडीक कोपऱ्यांपुरतीच ही रीत ठेवावी. सगळेच तज्ज्ञ माझ्याशी सहमत होतील असे नाही. त्यांनी पाच गुंठे दाट आणि पाच गुंठे विरळ लावून पाहावे, दहा वर्षांत निकाल लागेल.

आता खर्चाचे. मघाशी मी दोन उदाहरणे मुद्दाम कारखान्यांच्या आवारातली दिली. हे गाव सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचे. मियावाकी पद्धतीत जी दोन गोष्टींची ओरड असते, जमिनीत कालवावयाचा सेंद्रिय माल आणि वर पसरावयाचे आच्छादन, त्या दोन्ही गोष्टी इथे दारात आहेत. शहरातले लोक भाताचा पेंढा पैसे मोजून दुरून आणवितात. आपल्याकडे तोडणीनंतर पाचट शेतात पडून असते आणि पुष्कळदा पेटवून दिले जाते. वीतभर जाडीचा पाचटाचा थर रोपांच्या बुडाशी पसरला तर उन्हाळ्यातले निम्मे दुखणे मिटते. कारखान्याचा प्रेसमड नीट कुजवून मातीत मिसळला की काळी जमीन भुसभुशीत होते. ताजा मात्र घालू नये, तो तापतो आणि कोवळी मुळे जाळतो.

पाण्याचा प्रश्न कोणीतरी विचारणार हे मला ठाऊक आहे, म्हणून हिशेबच मांडतो. पाच गुंठे म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर. चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, आणि हे सढळ हाताने धरले आहे, तर रोज अडीच हजार लिटर, म्हणजे लहान टँकरचा अर्धा. पावसाळा सोडून वर्षातले दोनशे चाळीस दिवस दिले तर सहा लाख लिटर. आकडा ऐकून दचकू नका. त्याच पाच गुंठ्यांत ऊस असता तर त्याने वर्षाला सुमारे दहा लाख लिटर पाणी प्याले असते, आणि दरवर्षी प्याले असते. रानाला हे पाणी दोन, फार तर तीन वर्षे. पाचट टाकले तर त्याहून कमी. ज्या गावात एवढा ऊस उभा राहतो त्या गावाने पाच गुंठे रानाला पाणी नाही म्हणू नये.

पैशापेक्षा आणि पाण्यापेक्षा अवघड आहे ते माणसांचे. रोपे कोठून आणावयाची? रोपवाटिकेत मिळतात ती बहुधा विकली जाणारी झाडे. अंजन, सालई, मेडशिंगी मागितली तर विक्रेता आपल्याकडे संशयाने पाहतो. ही झाडे खरोखर ओळखणारी माणसे सातपुड्यात आहेत, आणि त्यांतली कित्येक हंगामात ऊसतोडीला सपाटीवर उतरतात. कोयत्याने ऊस तोडणाऱ्या त्या माणसाला कोणत्या झाडाचे बी कोणत्या महिन्यात तयार होते, कोणते पाण्यात भिजवावे, कोणते तसेच पेरावे, हे आपल्या पदवीधर मुलांहून जास्त कळते. आपण त्याला आजवर ते कधी विचारले नाही. त्याला बोलवावे, आणि ज्ञानाला जो मोबदला आपण इतरत्र देतो तो त्यालाही द्यावा. नुसता हार घालून पाठवू नये.

गावाने मनावर घेतले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण दूर नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथे चैत्राम पवार आणि त्यांच्या गावकऱ्यांनी १९९० नंतरच्या वर्षांत उजाड झालेले रान राखावयास घेतले. नियम गावाने केले, दंड गावाने बसविला, पहारा गावाने दिला. आज ते रान चारशे हेक्टरांवर उभे आहे, आणि दरसाल तिथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते, ती पाहावयास बाहेरगावचे लोक येतात. चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिथे चौरस मीटरला इतकी रोपे असा काही हिशेब नव्हता. बुंधे आणि मुळे जमिनीत होती, त्यांना चरण्यापासून आणि कुऱ्हाडीपासून वाचविले, पुढचे काम पावसाने केले. आपल्याकडे सपाटीवर मुळेच राहिलेली नाहीत, म्हणून आपल्याला लावावे लागते. परंतु पहाऱ्याचा भाग दोन्हीकडे सारखाच. तीन उन्हाळे शेळी आत जाऊ नये, कोणी कचरा पेटवू नये, कोणी वाढदिवसाचा मंडप तिथे टाकू नये, एवढे ज्याच्या नावावर लिहून दिलेले आहे असा एक माणूस हवा. समिती नको. समितीच्या नावावर लिहिलेले रोप पहिल्या वैशाखात वाळते.

सापांचे भय कोणी काढील. साप येतील, नाही असे नाही. ते उंदरांच्या मागे येतात आणि उंदीर कचऱ्याच्या मागे, म्हणून आत कचरा पडू न देणे हाच त्यावर पहिला उपाय. तुकड्याला कुंपण आणि भोवती दोन हात रुंद स्वच्छ वाट ठेवली म्हणजे पुरे.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट सांगून रजा घेतो, कारण तिची वेळ आत्ता आहे. पावसाळ्यात लावावयाचे म्हणून लोक मृगात रोपे शोधू लागतात. बी मात्र ह्याच दिवसांत झाडावर आहे. अंजनाच्या चपट्या शेंगा वाळून वाऱ्यावर उडावयास लागल्या आहेत. अंजन दरवर्षी सारखा फळत नाही, तीन-चार वर्षांनी एकदा भरभरून येतो, तेव्हा ज्या वर्षी दिसेल त्या वर्षी दोन पोती जास्त घ्यावीत. पळसाच्या पापड्या गोळा कराव्यात, चारोळी पाखरांच्या आधी गाठावी. बहाव्याच्या शेंगा फोडून बी घ्यावे, त्याचे कवच टणक असते, गरम पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवल्यावाचून ते उगवत नाही. सालई, पांगारा आणि काटेसावर ह्यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसापूर्वी रोवल्या तरी फुटतात. निंबोळ्या आणि मोहाच्या बिया पाऊस लागता लागता पिकतील. ह्या दोहोंचे बी फार दिवस टिकत नाही, डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हणणाऱ्याच्या हाती नुसती टरफले येतात. ते गोळा केल्यापासून आठ-पंधरा दिवसांत, पिशवीत किंवा थेट जमिनीत, पेरून टाकावे.